'चांगला गोरा माणूस' नसलेले ब्लॅक सिनेमे – गप्पा, शिफारशी, भांडणं

पडदानशीन

ऑस्करच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं की वर्णद्वेषावर 'ग्रीन बुक'सारखा सिनेमा नाही. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढावा, तिकडे उगाच विषयांतर नको.

माझं म्हणणं सोपं आहे. ब्लॅक लोकांवरच्या ज्या सिनेमांना भरभरून बक्षिसं मिळतात, ज्यांची आपल्याकडेही चर्चा होते, त्यातल्या बऱ्याच सिनेमांत एक चांगला गोरा माणूस असतो. तो आधी जरा बिनडोक असतो, मग सुधारतो, आणि शेवटी त्याच्या सुधारण्यावरच आपल्या डोळ्यांत पाणी येतं. ब्लॅक पात्र बिचारं त्याला सुधारायला आणलेलं असतं. आणि जिथे असा कुणी नसतो, ब्लॅक माणसं आपापसात बोलतात, भांडतात, उधारी मागतात, नवराबायको एकमेकांवर रुसतात, ते सिनेमे बाजूला पडतात. मला हे दुसरे सिनेमे जास्त आवडतात आणि धागा त्यांच्यासाठी आहे.

पुरावा हवा असेल तर १९९०चा ऑस्कर सोहळा बघा. ब्लॅक दिग्दर्शक स्पाइक लीचा 'डू द राइट थिंग' आदल्या वर्षी आलेला. बेस्ट पिक्चरच्या यादीत त्याचं नावच नाही. जिंकला कोण, तर 'ड्रायव्हिंग मिस डेझी', म्हणजे म्हाताऱ्या गोऱ्या बाईचा प्रेमळ ब्लॅक ड्रायव्हर. त्या रात्री स्टेजवर आलेल्या नटी किम बेसिंजरने सरळ सांगून टाकलं की वर्षातला सगळ्यात खरा सिनेमा या यादीत नाही. पुढे २०१९ला स्पाइक ली 'ब्लॅकक्लॅन्समन' घेऊन आला, पटकथेचं ऑस्कर मिळालं, पण बेस्ट पिक्चर 'ग्रीन बुक'ला, त्यात यावेळी गोरा ड्रायव्हर आणि मागच्या सीटवर ब्लॅक पियानोवाला. नंतर पत्रकारांशी बोलताना स्पाइक ली म्हणाला की कुणी कुणाची गाडी चालवायला लागलं की आपण हरतो. हसून म्हणाला, पण तीस वर्षं साठलेलं होतं ते.

'डू द राइट थिंग' ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: ब्रुकलिनमधली एक गल्ली, उन्हाळ्यातला सगळ्यात तापलेला एक दिवस. गल्लीत सॅल नावाच्या इटालियन माणसाचं पिझ्झाचं दुकान, गिऱ्हाईक जवळपास सगळं ब्लॅक. दुकानाच्या भिंतीवर फोटो मात्र सगळे इटालियन-अमेरिकन नटांचे, गायकांचे, खेळाडूंचे. एक पोरगा विचारतो, आमच्यातला एकही फोटो का नाही, पैसे तर आम्हीच देतो ना. सॅल म्हणतो, स्वतःचं दुकान काढ आणि तिथे कुणाला हवं त्याला लाव. बघताना दोघांचंही पटतं हीच त्या सिनेमाची गंमत आहे. सॅल वाईट नाहीये, पोरांना खायला घालतो, त्यांना वाढताना बघितलंय त्याने. पण रात्री रेडिओच्या आवाजावरून मारामारी होते, पोलीस येतात, रेडिओ रहीम नावाच्या पोराचा गळा काठीने आवळतात आणि तो मरतो. मग सॅलकडेच कामाला असलेला मूकी कचऱ्याचा डबा उचलतो आणि दुकानाच्या काचेवर फेकतो.

कुणीही सुधारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मूकी जळक्या दुकानासमोर येऊन आठवड्याचा पगार मागतो. हा पगार मागण्याचा सीन मला डबा फेकण्याच्या सीनपेक्षाही भारी वाटतो.

दुसरा सिनेमा 'किलर ऑफ शीप'. चार्ल्स बर्नेटने फिल्म स्कूलचा प्रबंध म्हणून दहा हजार डॉलरच्या आत केलेला, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, शनिवार-रविवारी ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन. १९७८ला दाखवला गेला आणि मग वर्षानुवर्षं थिएटरात लागलाच नाही, कारण त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. ते सोडवायला सिनेमाच्या खर्चाच्या कितीतरी पट पैसे लागले आणि रीतसर रिलीज झाला २००७ला! स्टॅन कत्तलखान्यात मेंढ्या कापायच्या कामाला आहे, त्याला झोप लागत नाही, बस, गोष्ट एवढीच. एका सीनमध्ये तो आणि त्याचा दोस्त कुणाकडून तरी जुनं गाडीचं इंजिन विकत घेतात. ते दोघं ते जड धूड जिन्यावरून एकेक पायरी उतरवत आणतात, घामाघूम, आणि पिकअपच्या अगदी मागच्या कडेवर ठेवतात. स्टॅन म्हणतो अजून जरा आत ढकलू, दोस्ताचं बोट चेमटलेलं असतं, तो म्हणतो राहू दे रे, काही होत नाही. गाडी चढावर सुरू होते आणि इंजिन धाडकन खाली. उतरून बघतात, फुटलंय. ते तिथेच रस्त्यावर टाकून निघून जातात आणि कॅमेरा गाडीच्या मागून त्या लांब जाणाऱ्या इंजिनाकडे बघत राहतो. एकही गोरा खलनायक नाही, भाषण नाही, आणि गरिबी म्हणजे काय ते मला त्या दोन मिनिटांत जेवढं कळलं तेवढं कुठल्याच ऑस्करवाल्या सिनेमात कळलेलं नाही.

असो. तुमचे सांगा.

रातकिडा

रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर. 'किलर ऑफ शीप' नावावरून मला हॉरर वाटला होता 😀

चिंचगुळ

लेख छान आहे पण पटला नाही. 'हिडन फिगर्स', नासातल्या तीन ब्लॅक गणितज्ञ बायकांवरचा, मी लेकीला घेऊन बघितला, ती तेव्हा नववीत होती, गणित नको म्हणायची. सिनेमा संपल्यावर तिने स्वतःहून कॅथरीन जॉन्सनबद्दल शोधून काढलं, नासाच्या साईटवर जाऊन वाचलं. आता त्यात गोरा साहेब झालेला केव्हिन कॉस्नर हातोडा घेऊन ब्लॅक बायकांच्या वेगळ्या बाथरूमची पाटी तोडतो म्हणून तो सिनेमा बाद का? सगळ्यांनी काय थेट ब्लॅक अँड व्हाइट कत्तलखान्यापासूनच सुरुवात करायची का पडदानशीन? दार कुठलंही असो, माणूस आत आला ना.

पडदानशीन

ताई, बाद नाही म्हणत मी. त्या तिघींची कामं सुंदर आहेत, तराजी हेन्सन पावसात भिजून येऊन सगळ्या ऑफिससमोर ओरडते तो सीन मीही दोनदा मागे घेऊन बघितला. पण पाटीचं घ्या. ते घडलेलंच नाही. कॅथरीन जॉन्सन स्वतः सांगायच्या की पाटी नसलेलं जे बाथरूम जवळ होतं ते त्या बिनधास्त वापरत होत्या, कुणी बोललं तर दुर्लक्ष करायच्या. आणि सिनेमा घडतो १९६१ला, नासात वेगळी बाथरूमं १९५८लाच बंद झालेली. म्हणजे खऱ्या बाईने स्वतःच्या जोरावर नियम धाब्यावर बसवला होता आणि सिनेमाने तो पराक्रम काढून साहेबाच्या हातात दिला. हातोडाच का म्हणून द्यायचा त्याला? बाईला तसंच चालत त्या बाथरूममध्ये जाताना दाखवलं असतं तर सिनेमा कमी चालला असता का?

चिंचगुळ

हे माहीत नव्हतं, आणि हो, बाई चालत गेलेली मला जास्त आवडली असती. तरी दाराचा मुद्दा मी सोडत नाही. 'द हेल्प'बद्दल मात्र तुमच्याशी सहमत, व्हायोला डेव्हिसनेच नंतर सांगितलं की त्यात मोलकरणींचा आवाज ऐकूच आला नाही, तिची भूमिका इतकी गाजून.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत एडिसनला असतो, इथला एक अनुभव. 'गेट आउट' २०१७ला थिएटरमध्ये बघितला, अर्ध्याहून जास्त पब्लिक ब्लॅक होतं. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका, रहस्य फुटेल. शेवटी हिरो रस्त्यावर, समोर जखमी गोरी गर्लफ्रेंड, आणि लांबून पोलिसांच्या गाडीसारखे लाल-निळे दिवे. अख्ख्या थिएटरातून एकदम 'नो नो नो' असा आवाज आला. आमच्या ग्रुपला आधी वाटलं सुटला, पोलीस आले! म्हणजे तोच दिवा, आम्हाला हायसं वाटलं आणि बाजूच्या रांगेला धडकी भरली. गाडीचं दार उघडतं तर आत त्याचा एअरपोर्ट सिक्युरिटीवाला दोस्त, आणि मग जी शिट्ट्या-टाळ्यांची धमाल झाली ती मी इथे फक्त रजनीच्या फर्स्ट डे शोला बघितलीय. दिग्दर्शक जॉर्डन पीलने आधी जो शेवट शूट केला होता त्यात खरंच पोलीस येतात आणि हिरो तुरुंगात जातो. तो बदलला ते बरं झालं, लोकांना आधीचा शेवट न दाखवताच आठवला.

आणि त्यातला बाप, 'जमलं असतं तर ओबामाला तिसऱ्यांदा मत दिलं असतं' म्हणणारा, तो म्हणजे पडदानशीन यांचा 'चांगला गोरा माणूस'च की. पीलने त्यालाच व्हिलन केला. साडेचार मिलियन डॉलरमध्ये केलेला सिनेमा आणि धंदा अडीचशे मिलियनच्या वर.

अवांतर: आपल्या देशी लोकांनी 'मिसिसिपी मसाला' (१९९१) बघायलाच हवा. १९७२ला इदी अमीनने युगांडातून हाकललेलं गुजराती कुटुंब मिसिसिपीत ग्रीनवूडला येऊन नातेवाईकांच्या मोटेलमध्ये राहतं आणि मुलगी डेन्झेल वॉशिंग्टनच्या प्रेमात पडते, तो गालिचे साफ करण्याचा धंदा करणारा. आधी सगळे मोटेलवाले त्याला 'आपण सगळे कलर्ड, एकच' म्हणत गळ्यात हात घालतात आणि प्रकरण कळल्यावर त्याचं काम बंद. बँकेलाही लगेच कर्ज आठवतं. आमच्या इथल्या गणपतीत ज्या गप्पा चालतात ना मुलांच्या लग्नाच्या, 'कुणीही आणा पण...' हे 'पण' नंतरचं सगळं त्या सिनेमात आहे. तीस वर्षं होऊन गेली, एक अक्षर जुनं झालेलं नाही.

उंडगा

झालं सुरू. सगळं रडगाणं. सिनेमा करमणुकीसाठी बघायचा का पापक्षालनासाठी? 'ब्लॅक पँथर' बघा म्हणावं, तिथे कुणी रडत नाही, सगळे राजे. बाकी हॉलिवूडने हल्ली कोटा भरायला कुणालाही कुठेही घुसवलंय हे कुणी बोलणार नाही.

पडदानशीन

उंडगाभाऊ, 'डू द राइट थिंग'चा पहिला तास म्हणजे निखळ विनोद आहे, कोपऱ्यावर छत्रीखाली बसलेले तीन रिकामटेकडे म्हातारे येणाऱ्याजाणाऱ्यावर कॉमेंट करतात ते बघून तुम्हाला तुमचा कट्टा आठवेल. रडगाणं हा आरोप मलाच करायचाय, पण वेगळ्या लोकांवर. आणि कोटा म्हणाल तर कोटा 'ड्रायव्हिंग मिस डेझी'च्या वेळेपासून आहे, वर्षाला एक सोशिक माणूस.

'ब्लॅक पँथर' मलाही आवडला, पण राजांमुळे नाही. किलमाँगर! तो ऑकलंडला गरिबीत वाढलेला चुलतभाऊ येऊन विचारतो की तुम्ही इथे एवढी संपत्ती, एवढी विद्या घेऊन लपून बसलात आणि जगभर आपली माणसं मरत होती तेव्हा कुठे होतात? याला हिरोकडे उत्तर नाही आणि दिग्दर्शकाला ते माहीत आहे. मार्व्हलच्या सिनेमात व्हिलन बरोबर असणं ही छोटी गोष्ट नाही.

रातकिडा

त्यात जबारी टोळीचा म्बाकू 'ग्लोरी टू हनुमान' म्हणतो, आपल्याकडे सेन्सॉरने तेवढा शब्द म्यूट केला होता, थिएटरात नुसते ओठ हलले. मित्रांत पैज लागली होती काय म्हणाला असेल याची 😂

काल 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' लावला आणि अर्ध्यात बंद केला. सॉलोमनला झाडाला टांगतात, पायाची बोटं कशीबशी चिखलाला टेकलेली, आणि मागे लोक आपापली कामं करतायत, पोरं खेळतायत, शॉट संपतच नाही. पुढे बघवेना. अशा सिनेमांना पडदानशीन कुठे बसवतात? यातही शेवटी ब्रॅड पिटच पत्र पाठवतो ना.

पडदानशीन

हो आणि ब्रॅड पिट त्याचा निर्माताही आहे, चांगली भूमिका स्वतःकडे ठेवून घेतली म्हणून तेव्हा बरीच चेष्टा झाली होती. पण तो कॅनडाचा सुतार सॉलोमन नॉर्थपच्या मूळ आत्मचरित्रातलाच आहे, उगाच आणलेला नाही. आणि दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन त्याला पाच मिनिटांत आटोपतो. बघा पूर्ण, लुपिता न्योंगोसाठी तरी. तुम्ही म्हणताय तो शॉट मागच्या खेळणाऱ्या पोरांमुळेच अंगावर येतो, टांगलेला माणूस त्यांच्या रोजच्या बघण्यातला आहे.

विहीर

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्यावर राहवलं नाही.

गुलामगिरीवरचा सिनेमा बघून मराठी माणूस हळहळतो ते ठीक, पण हे नातं आपल्याकडे फार जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ला 'गुलामगिरी' छापलं तेव्हा अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या सज्जन लोकांना लिहिलेली. नॉर्थपचं पुस्तक १८५३चं, मध्ये फक्त वीस वर्षं. बाबासाहेब १९१३ ते १६ कोलंबियात होते, १९४६ला त्यांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, दोन्ही लोकांची स्थिती किती सारखी आहे म्हणून, उत्तरही आलं. १९७२ला मुंबईत दलित पँथर निघाली ती नावासकट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून (सिनेमावरून नव्हे) आली हे सांगायला नको. त्यामुळे आमच्या घरात हे सिनेमे 'परदेशी' म्हणून कधी बघितलेच गेले नाहीत. 'माल्कम एक्स' वडिलांनी व्हीसीडी भाड्याने आणून दाखवलेला, दोन रविवारी मिळून, कारण सिनेमा तीन तास वीस मिनिटांचा.

एव्हा ड्यूवर्नेचा 'ओरिजिन' (२०२३) कुणी बघितला का? इझाबेल विल्करसन यांचं जातीवरचं पुस्तक कसं लिहिलं गेलं त्याची गोष्ट. त्यात दिल्लीत शूट केलेला भाग आहे, बाबासाहेब आहेत, नांदेडचे जातीचे अभ्यासक सूरज येंगडे स्वतःच्याच भूमिकेत आहेत. पण सगळ्यात लक्षात राहतो तो एका पोहण्याच्या तलावाचा प्रसंग, १९५१चा, ओहायोमधला, खरा. पोरांची बेसबॉल टीम जिंकते, सगळ्यांना पोहायला नेतात, टीममध्ये एकच ब्लॅक पोरगा, त्याला कुंपणाबाहेर बसवतात, डबा तिकडे देतात. मोठी माणसं फारच गळ घालतात म्हणून शेवटी त्याला आत घेतात, ते कसं? बाकी सगळ्या पोरांना पाण्यातून बाहेर काढून, याला हवेच्या तराफ्यावर बसवून लाइफगार्ड एक चक्कर मारून आणतो आणि बजावत राहतो, पाण्याला हात लावू नकोस. मी महाडच्या बाजूचा आहे. मला वेगळं काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

आता तुमच्या मुद्द्यावर. गोरा माणूस नसला की सिनेमा आपोआप बरा होतो असं नाही. दुसरा एक सापळा आहे. फक्त दुःख विकत घेतलं जातं. 'अमेरिकन फिक्शन' (२०२३) बघा. जेफ्री राइट प्राध्यापक-लेखक आहे, त्याची पुस्तकं कुणी घेत नाही कारण ती 'पुरेशी ब्लॅक' नाहीत, मग तो वैतागून मुद्दाम गोळीबार, ड्रग्ज, पळालेला बाप असला मसाला घालून टोपणनावाने भंकस कादंबरी लिहितो आणि प्रकाशक त्याच्यावर पैसे ओततात. मी हसत होतो आणि आठवत होतं की आमच्याकडे कथा छापायला दिली की विचारतात, 'आत्मकथन आहे का?' विज्ञानकथा लिहिली होती हो मी, मंगळावरची.

चिंचगुळ

विहीर, ती मंगळावरची कथा इथे टाका, मनापासून सांगतेय.

तलावाचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. 'ओरिजिन' मला मधेमधे व्याख्यान वाटला होता खरं तर, तिच्या घरातला भाग, आई आणि नवऱ्याचं जाणं, तो जास्त भिडला.

विहीर

व्याख्यान आहेच थोडं. सगळं एका सिनेमात कोंबायचा अट्टहास. तरी बाबासाहेब अमेरिकन सिनेमात कोलंबियाच्या लायब्ररीत बसलेले दिसले, एवढ्यावर माझं तिकीट वसूल.

उंडगा

विहीर यांचा प्रतिसाद आवडला. कोट्याबद्दल माझं मत कायम.

जर्सीकर

'माल्कम एक्स'चा विषय निघालाय तर: त्याचे पैसे संपले होते मध्येच, सिनेमा पूर्ण होईल याची हमी घेणाऱ्या बाँड कंपनीने काम थांबवलं. तेव्हा स्पाइक लीने मायकल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, ओप्रा विन्फ्री, प्रिन्स अशा लोकांना फोन केले आणि त्यांनी चेक दिले, कर्ज नाही, देणगी. म्हणून तो हवा तेवढा लांब राहिला. आणि ऑस्कर त्या वर्षी डेन्झेलला नाही, अल पचिनोला, 'सेंट ऑफ अ वुमन'साठी. माझा आवडता नट आहे अल पचिनो, पण हे म्हणजे फारच झालं.

रातकिडा

'सिनर्स'वर कुणीच बोलत नाहीये? २०२५चा सगळ्यात भारी सिनेमा.

पडदानशीन

त्याच्यावर लिहायचं राखून ठेवलं होतं, कारण एकदा सुरू झालो की थांबत नाही.

रायन कूगलरचा. १९३२, मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल, जुळे भाऊ, दोन्ही मायकल बी. जॉर्डनच, शिकागोहून पैसे घेऊन परत येतात आणि जुनी मिल विकत घेऊन तिथे नाचगाण्याचा अड्डा काढतात. रात्री व्हँपायर येतात. पण व्हँपायर यायच्या आधीचा जो तास आहे ना, सामानाची जमवाजमव, गवयी गोळा करणं, मासे तळणारी बाई ठरवणं, तो तास मी कितीही वेळा बघू शकतो. मेन रोडवर एका चिनी कुटुंबाची दोन किराणा दुकानं आहेत, रस्त्याच्या अल्याड ब्लॅक गिऱ्हाइकांसाठी, पल्याड गोऱ्यांसाठी. मुलगी आईला बोलवायला रस्ता ओलांडून जाते आणि कॅमेरा न कापता तिच्या मागे मागे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात. सेग्रिगेशन, म्हणजे काळे-गोरे वेगळे ठेवणं, यावर एक शब्द नाही, नुसता रस्ता ओलांडला.

आणि डेलरॉय लिंडो गाडीत बसून आपल्या गवयी दोस्ताला जमावाने कसं मारलं ते सांगतो. सांगता सांगता शब्द संपतात, तो मांडीवर हात आपटायला लागतो, हुंकार देतो, आणि त्या हुंकाराचंच गाणं होतं. ब्लूज हे ब्लॅक लोकांचं संगीत कुठून आलं हे पुस्तकातून वाचलं होतं, ते असं गाडीच्या सीटवर घडताना बघितलं. मग रात्री त्या भावांचा गवयी चुलतभाऊ, पोरगाच तो, गातो आणि त्या मिलमध्ये आफ्रिकेतले जुने वादक, इलेक्ट्रिक गिटारवाला, डीजे, ब्रेकडान्सर, सगळे काळ एकदम नाचायला येतात, तो सीन थिएटरात ज्यांनी चुकवला त्यांनी मोठ्यात मोठ्या टीव्हीवर आवाज वाढवून बघा, मोबाइलवर बघणाऱ्यांशी मी बोलणार नाही.

एक धंद्याची गोष्ट पण: कूगलरने वॉर्नर स्टुडिओशी करार केला की पंचवीस वर्षांनी सिनेमाची मालकी त्याच्याकडे परत येईल. ज्या सिनेमात दोन ब्लॅक भाऊ स्वतःच्या मालकीची जागा असावी म्हणून धडपडतात त्याच सिनेमाचा हा करार.

चिंचगुळ

व्हँपायरांचा म्होरक्या आयरिश आहे हे मला फार आवडलं. त्याचीही जमीन, भाषा, देव कुणीतरी हिसकावलेले आणि तो ह्यांना 'या, सगळे एक होऊ' म्हणून बोलावतो. वाईट माणूस पण गाणं काय गोड म्हणतो मेला.

बायकांनी केलेल्यांतला 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) माझ्याकडून. ज्युली डॅश. अमेरिकेत सगळीकडे रिलीज झालेला ब्लॅक बाईने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. १९०२, समुद्रातली बेटं, गल्ला लोकांचं (म्हणजे त्या बेटांवरच्या गुलामांच्या वंशजांचं) कुटुंब उत्तरेला जायला निघालंय आणि पणजी म्हणते मी नाही येणार. पहिली पंधरा मिनिटं भाषा कळत नाही, सबटायटल लावा. मग निवांत जेवणाची तयारी चाललेली, भेंडी, खेकडे, पांढऱ्या साड्यांसारखे लांब झगे घातलेल्या बायका वाळूत बसलेल्या. गोष्ट म्हणाल तर फार नाही.

उंडगा

बरं ते सगळं राहू दे, रविवारी दुपारी जेवून लोळत बघण्यासारखा एक सांगा. व्हँपायर नको, खेकडे नको, पणजी नको.

पडदानशीन

'फ्रायडे', १९९५. आइस क्यूब आणि ख्रिस टकर. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रलमधलेच रस्ते, ज्यांच्यावर तेव्हा एकामागून एक गोळीबाराचे सिनेमे येत होते. आइस क्यूबने ठरवून त्याच वस्तीची कॉमेडी लिहिली, आम्ही तिथे लहानाचे मोठे झालो ते काय रोज रडत झालो का म्हणून. नोकरी गेलेला एक, नोकरीच न केलेला दुसरा, घराच्या व्हरांड्यात दिवसभर बसलेत, समोरून अख्खी गल्ली ये-जा करते. बाप संडासात बसून उपदेश करतो. एवढाच सिनेमा, दीड तास. या धाग्याच्या सुरुवातीला मी जे म्हणत होतो ते सगळं यात आहे आणि तुम्हाला कळणारही नाही.

जर्सीकर

+१. आणि 'कमिंग टू अमेरिका'मधला सलून. तिथे बसलेला म्हातारा गोरा ज्यू माणूसही एडी मर्फीच आहे, हे मला दहा वर्षांनी कळलं.

उंडगा

'फ्रायडे' बघितला. बायको दोनदा विचारून गेली एवढं काय हसताय. तो डीबो सायकलवरून येतो आणि सगळे गळ्यातल्या चेन शर्टात लपवतात, असा एक आमच्या वाडीतही होता, तो पतंग काढून घ्यायचा. फक्त शेवटी बाप पोराला पिस्तूल बाजूला ठेवायला लावतो तिथे जरा सिरियस झालो, पण ते चालतं. दुसरा भाग आहे म्हणे?

पडदानशीन

आहे, 'नेक्स्ट फ्रायडे', २०००चा. पण त्यात ख्रिस टकर नाही, त्याच्या जागी माइक एप्स. अपेक्षा कमी ठेवून बघा, आणि जेवण आधी उरकून घ्या.